सात नंबरच्या टाकीवरचा गोल

सोमवार, ४

भिंगरीने दोन वह्या आणल्या. एक तिच्या यंत्राचे आकडे लिहायला, दुसरी चुकून जास्तीची आली. ती मी ठेवून घेतली. यंत्राला वही आणि मला नाही, हे काही बरं दिसत नाही.

भिंगरी ही माझ्या भाच्याची मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता रसायनशास्त्र शिकते, पण ठरत अजूनही नाही. तिचा बाप या वाइनच्या कारखान्याचा मालक. कामगार त्याला साहेब म्हणतात, मी ठोंब्या म्हणते. त्याचे आईवडील म्हणजे माझा भाऊ आणि वहिनी. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही दोघी म्हाताऱ्या कारखान्याच्या मागच्या घरात राहतो आणि एकमेकींच्या चुका काढतो. वेळ छान जातो.

मी इथे बाटल्या धुवायला लागले तेव्हा एकोणीसची होते. कोणी काही शिकवलं नाही. धुता धुता तळाशी राहिलेला घोट चाखायचा आणि तो कुठल्या टाकीतला हे ओळखायचं, हा माझा खेळ. एकदा भावाने पैज लावली, तेरापैकी तेरा ओळखले. त्या दिवसापासून नियम पडला: आत्याने चाखायचं, टाकीच्या दारावर खडूने गोल काढायचा, आणि गोल असल्याशिवाय कोणी तोटी उघडायची नाही. सत्तेचाळीस वर्षं झाली. खडू बदलले, गोल काढणारी तीच.

आणि आता ही पोरगी पेनाएवढी काडी घेऊन आली आहे. म्हणते, वाइनमधलं आम्ल ही मोजेल.

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, लग्न केलं नाहीत तरी सवत आलीच की नशिबी."

बुधवार, ६

आज काडी समजून घेतली. शिकायला मला लाज नाही, शिकवणारी नातीच्या वयाची असली तरी.

नव्या लाल वाइनला कच्च्या सफरचंदासारखं टोकदार आंबट असतं. टाकीतले जिवाणू ते खात बसतात आणि त्याचं दह्यासारखं मवाळ आंबट करून टाकतात. त्यांचं जेवण आटपायच्या आत बाटल्या भरल्या तर ते बाटलीत बसून जेवतात, फुगे सोडतात, आणि मग एके दिवशी बूच उडतं. म्हणून सफरचंदी आंबट संपलं की नाही, हाच सगळा प्रश्न. आतापर्यंत तो मी जिभेने सोडवत आले.

भिंगरीच्या काडीच्या टोकाला नखाएवढा पडदा आहे. त्यात म्हणे एन्झाइम अडकवलंय. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात.

"हे एन्झाइम फार हट्टी असतं, आत्याआजी. ताटात पन्नास पदार्थ वाढले तरी हे फक्त सफरचंदाच्या आम्लालाच तोंड लावणार."

"म्हणजे तू लहानपणी होतीस तसं."

"हो! आणि ते आम्लाला भिडलं की काडीत बारीकशी वीज उठते. जितकं आम्ल, तितकी वीज. यंत्र ती वीज मोजतं आणि आकडा दाखवतं."

वाइनचा थेंब तिच्या खास पाण्यात पातळ केला, काडी बुडवली, थोडा वेळ थांबलो. सात नंबरची टाकी: लिटरला १.९ ग्रॅम.

मी घोट घेतला. फिरवला, थुंकला. मऊ. टोक कुठेच नाही. म्हटलं, "झालीच आहे. चारपाच दिवसांत गोल काढते."

"अगं, अजून बरंच बाकी आहे."

"तुझी काडी कालची, माझी जीभ सहासष्ट वर्षांची."

ठोंब्या मध्ये उभा. दोघींकडे बघितलं, खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. म्हणाला, "दोन्ही लिहा." हा पोरगा लहानपणापासून असाच. कुंपणावर बसायचं आणि पाय दोन्हीकडे सोडायचे.

गुरुवार, ७

वहिनींचा हात आखडलाय. चहा फिका, सूप अळणी. हल्ली मिठाचं भांडं माझ्या ताटाशेजारीच आणून ठेवतात, म्हणजे स्वतः घालायला नको. वयाने माणूस कंजूष होतो हे ऐकलं होतं, आता बघते आहे.

शुक्रवार, ८

दूध करपलं. मी शेगडीपासून दोन हातांवर बसून वही वाचत होते. वहिनी अंगणातून धावत आल्या, "नाक गहाण टाकलंत का?" माझं लक्ष नव्हतं, एवढंच. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या तापाने तीन आठवडे झोपवलं, तेव्हापासून लक्ष जरा उडतं खरं.

रविवार, १०

काडी: १.६. जीभ: संपलं.

भिंगरी परीक्षेला चालली. आठ दिवस आकडे मी घ्यायचे. तिने पाठ करून घेतलं: काडी वापरून झाली की तिच्या खास पाण्यात गार धुवायची, डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायची. आणि रोज सकाळी सर्वांत आधी प्रमाणाच्या पाण्यात बुडवून बघायची. प्रमाणाचं पाणी म्हणजे एका बाटलीत तिने अचूक दोन ग्रॅम आम्ल विरघळवलंय. तिथे काडीने २ दाखवलं तरच तिच्यावर विश्वास ठेवायचा. निळ्या डबीत एक नवीकोरी काडीही ठेवून गेली, अडीनडीला.

"ते पाणी विषारी नाही ना?" मी विचारलं.

"आपल्या गोदामातलंच खायचं आम्ल आहे. प्यायलीस तरी मरणार नाहीस, फक्त तोंड वाकडं होईल."

जाताना बापाच्या कानात काहीतरी सांगत होती. मी आल्यावर दोघं हवेबद्दल बोलायला लागले. हवेत तसं काही सांगण्यासारखं नव्हतं.

सोमवार, ११

पहिल्यांदा एकटीने घेतला आकडा. १.५.

प्रमाणाचं पाणी मात्र नाही बघितलं. रोज तराजूलाच तोलत बसायचं तर धान्य कधी तोलायचं?

काडी कामाची आहे, हे मान्य. म्हणून तिची निगाही नीट घेतली. आमच्या तळघरात एकच धर्म: वाइनला जे जे लागेल ते ते कडकडीत पाण्याने धुवायचं. नळी, पेला, गाळणी, काही असो. माझ्यामुळे इथली एकही टाकी कधी नासली नाही. भिंगरीचं गार पाण्याचं धुणं म्हणजे शहरातल्या पोरींची आंघोळ. मी काडी वाफाळत्या पाण्यात चांगली धरली, पुसली, डबीत निजवली. लेकीसारखी.

मंगळवार, १२

शून्य!

सात नंबरची टाकी शून्यावर आली. दोनदा बघितलं. दोन्ही वेळा शून्य. मी घोट घेतला: मऊ, लोण्यासारखी. पहिल्यापासून मी दुसरं काय सांगत होते? सवत आणि मी आज पहिल्यांदा एका ताटात जेवलो.

ठोंब्याला सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "काडीपण शून्य म्हणतेय? नक्की?" म्हटलं, बघ स्वतः. त्याने बघितलं, आणि एकदम माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. पन्नाशीचा घोडा. एका टाकीसाठी एवढं काय, कळेना.

मी खडू घेतला आणि गोल काढला. बाटल्या भरायच्या यंत्राची गाडी शनिवारी बोलावली आहे.

बुधवार, १३

आजही शून्य.

दुपारी भिंगरीचा फोन. "एकदम शून्य कसं? परवा दीड होतं ना? प्रमाणाचं पाणी बघितलंस?"

"बघितलं."

खोटं बोलले. पोरीची परीक्षा चालू आहे, तिच्या डोक्याला घोर कशाला? आणि काडीचं आणि माझं एकमत झालंय. दोन साक्षीदार एकच सांगतात, तिथे न्यायाधीशही पुढे काही विचारत नाही.

बुचं आली. ही नव्या माणसाकडची. आमचा जुना बुचवाला बावीस वर्षांपासूनचा, पण गेल्या वर्षी त्याने घोटाळा केला. चाळीस खोकी परत आली होती, निम्म्यांची बुचं उडालेली, उरलेल्यांत फेस. मी त्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला धुतला. तो शांतपणे म्हणाला, "आत्या, बूच कधी आपणहून उडत नाही. आतून कोणीतरी ढकलतं." चूक कबूल करायची सोडून वर कोडी घालतो! तेव्हापासून व्यवहार बंद केला. ठोंब्या तेव्हाही गप्पच होता.

शुक्रवार, १५

आज जे झालं ते नीट लिहिते, म्हणजे उद्या मीच ते फिरवून सांगायला नको.

सकाळी वहिनी पातेलं घेऊन आल्या. काल दही मी लावलं होतं. दही नव्हतंच. दूध ते दूध.

"विरजण कसल्या दुधात घातलंत?"

"आत्ताच उतरवलेल्या."

"वाफा निघत होत्या?"

"असतील."

"अहो वन्सं, मारलंत ना बिचाऱ्याला! विरजण जिवंत असतं. कढत दुधात घातलं की मेलं. हे काय मी तुम्हाला सांगायचं?"

मी हसायला लागले, आणि हसता हसता तोंड तसंच उघडं राहिलं. कढत पाणी. काडीच्या टोकाचा पडदा. भिंगरी म्हणाली होती, हट्टी पोर. हट्टी पोरालाही कढत पाणी सोसत नसेल.

वहिनींना काही न सांगता तळघरात गेले. चप्पल उलटी घातली होती, ते तिथे गेल्यावर कळलं. प्रमाणाच्या पाण्यात काडी बुडवली. दोन यायला हवं होतं.

शून्य.

परत बुडवली. शून्य. काडी सोमवारीच मेली होती, माझ्याच हातून, आणि मी चार दिवस तिची साक्ष काढत होते.

तरी मनात आलं, काडी मेली तर मेली, दुसरा साक्षीदार धडधाकट आहे. वाइन झालीच आहे, जीभ सांगतेच आहे. आणि तेव्हा नजर त्या बाटलीवर पडली. तोंड वाकडं होईल म्हणाली होती.

पेल्यात ओतलं आणि मोठा घोट घेतला.

पाणी.

आणखी एक घेतला, जिभेच्या कडांवरून फिरवला, पैजेच्या दिवशी फिरवला होता तसा. नळाचं पाणी. मला वाटलं, भिंगरी आम्ल घालायला विसरली. पोरगी धांदरटच. इतकं बरं वाटलं ना तो विचार करून!

तेवढ्यात ठोंब्या उद्याच्या गाडीचं सांगायला आला. मी पेला पुढे केला. "जरा चाखून सांग."

त्याने घोट घेतला. त्याचा एक डोळा मिटला, गाल आत गेले, सगळा चेहरा लिंबासारखा पिळवटला. "काय आहे हे? केवढं आंबट!"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या तोंडावर माझं उत्तर लिहिलेलं होतं. लहानपणी कच्ची द्राक्षं खाऊन तो हेच तोंड करायचा.

मग मी त्याला सगळं सांगितलं. कढत पाणी, न तपासलेलं प्रमाण, फोनवरचं खोटं. जिभेचं मात्र सांगितलं नाही, पेला उचलून उरलेलं पाणी त्याच्यासमोर गटागट पिऊन दाखवलं.

तो खाली बसला. टाकीला पाठ टेकवून, लहान मुलासारखा.

शनिवार, १६

गाडी दारातून परत पाठवली. ड्रायव्हर चिडला. त्याला पोटभर खायला घातलं, मग तो कमी चिडला.

निळ्या डबीतली नवी काडी काढली. आधी प्रमाणाचं पाणी: २.०. मग सात नंबर: १.३. आमच्याकडे बारीक गाळण नाही, जिवाणू सगळे बाटलीत गेले असते. सबंध टाकीची बुचं उडाली असती. चाळीस खोक्यांत ज्या ठोंब्याने मान खाली घातली, त्याला यंदा मान उरली नसती.

ओल्या फडक्याने गोल पुसला. खडू निघतो, पण पत्र्यावर पांढरट छाया राहते.

ठोंब्याला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

तो बराच वेळ तोटी पुसत होता. ती तशी स्वच्छच होती. "बाटल्या परत आल्या तेव्हापासून. आई सांगायची, तू मीठ फार घालतेस. मग मी काय ते समजलो."

"म्हणून काडी आणलीस?"

"म्हणून भिंगरीला सांगितलं. म्हटलं, काडी आणि तू दोघी मिळून सांगाल, तर कोणाला काही बोलावं लागणार नाही. मंगळवारी काडीही शून्य म्हणाली, तेव्हा वाटलं, मीच चुकलो. आत्याची जीभ शाबूत आहे. इतका आनंद झाला मला."

म्हणजे माझ्या खांद्यावर डोकं टेकलं ते टाकीसाठी नव्हतं.

मला त्याला जवळ घ्यायचं होतं, पण आधी एक गोष्ट निघाली तोंडातून. "आणि बुचवाला? त्याला मी भर दुकानात चोर ठरवलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"आत्या, तुला कोण सांगणार होतं गं? सत्तेचाळीस वर्षं तू सांगतेस आणि आम्ही ऐकतो."

त्याची चूक आहेच, पण ती पिकली माझ्या वाफ्यात.

रविवार, १७

वहिनींच्या चहाबद्दल वर लिहिलंय ते खोडणार नाही, पण ते खरं नव्हतं. आज त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. म्हणून तर भांडं शेजारी ठेवते." आणि मग, "कंजूष म्हणालात का हो मला?" मी नाही म्हटलं. हे या वहीतलं दुसरं खोटं.

बुधवार, २०

भिंगरी आली. मेलेल्या काडीवरून ती रडेल असं वाटलं होतं, पण ती खोटं बोलण्यावरून रडली. काडी म्हणे दुसरी करता येते.

मग मीच म्हटलं, "काडीला प्रमाण लावतेस, मलाही लाव."

तिने पाच पेले मांडले. एकात साधं पाणी, बाकी चढत्या आम्लाचे, क्रम फक्त तिला ठाऊक. मी डोळे मिटून चाखले. पहिल्या तिन्हींत काही फरक नाही. चौथा जरा वेगळा वाटला, तर तो साधा पाण्याचा. पाचवा सगळ्यांत तीव्र, तो मला थंड लागला, एवढंच.

मी तिच्या हातातली यंत्राची वही घेतली, जिथे ती काड्यांचे निकाल लिहिते, आणि खालच्या ओळीत माझ्या हाताने लिहिलं: जीभ, सहासष्ट वर्षांची. पाचपैकी शून्य. वापरू नये.

"असं लिहू नकोस ना."

"मग कसं लिहू? दोन काड्यांना तू हेच लिहिलंस मागच्या पानावर."

तिने 'वापरू नये'च्या पुढे कंस करून लिहिलं: आंबटासाठी. मी राहू दिलं.

संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊन आलो. तापाने गेलं असेल, म्हणाल्या. येईल का? येतं कधी कधी. दोन वर्षांनी? त्यांनी खांदे उडवले. सभ्य बाई आहेत, खोटं नाही बोलल्या.

सोमवार, ८

नवा महिना. मध्ये लिहिलं नाही, कारण रोज तेच: सकाळी प्रमाण, मग टाकी, गार पाण्याने धुणं, फ्रिज. मीच करते. काडी धुताना आधी पाण्यात बोट बुडवून बघते, बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. प्रमाण चुकवलं नाही एकदाही.

आज सात नंबर ०.१. तिसऱ्यांदा. आधी प्रमाण, नंतरही प्रमाण. संपलं.

ठोंब्याने खडू माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. भिंगरीला म्हटलं, तू काढ. ती म्हणाली, "आकडे तू घेतलेत." मग काढला मी. पण आधी त्या दोघांना वाइन चाखायला लावली आणि त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. चेहरे सरळ राहिले, डोळा मिटला नाही. खाली तारीख टाकली आणि ०.१ लिहिलं. भावाच्या नियमात आकडा नव्हता. त्याला चालला असता.

मग म्हटलं, "नव्या माणसाची बुचं ठेवा बाजूला. मी जरा जाऊन येते."

मंगळवार, ९

काल दमले होते, म्हणून आज लिहिते.

बुचवाल्याचं दुकान होतं तसंच आहे. पोती, घंगाळभर नमुने, तो गल्ल्यामागे. आत दोन गिऱ्हाइकं होती. ती जायची वाट बघावी असं एकदा मनात आलं. पण मी त्याला गिऱ्हाइकांसमोर बोलले होते, म्हणून त्यांच्यासमोरच बोलले.

"तुमची बुचं चांगली होती. आतून ढकलणारी मी होते."

त्याने चष्मा काढला. पुसला. गिऱ्हाइकं बुचांकडे अशी बघायला लागली, जणू आयुष्यात कधी बूच बघितलं नव्हतं.

"जिभेला काय झालं?" त्याने विचारलं. म्हणजे यालाही माहीत होतं.

"गेली. दोन वर्षं झाली. मला गेल्या महिन्यात कळलं."

"हं." मग वही ओढली. "सात नंबरला लागतील किती?"

"सगळ्या टाकीला. तुमचीच."

त्याने लिहून घेतलं. एक वर्ष गेलं होतं मध्ये, पण आमचं पान त्याने फाडलं नव्हतं, तिथेच पुढची ओळ लिहिली. मग एक स्टूल माझ्याकडे पायाने सरकवलं.

"चहा घेता? आमचा जरा फिका असतो, आधीच सांगतो. मागच्या वेळी त्यावरूनही बोलला होतात."

"ओता," म्हटलं. "मला आता सगळ्यांचा सारखाच."

पहिला तो हसला, मग ती दोन गिऱ्हाइकं, मग मी. चहा गरम होता. तेवढं कळलं.